भिंतीकडे तोंड करून

हॉटेलच्या मागच्या दारापाशी, हजेरीच्या यंत्राशेजारी, नवीन मालकांची नोटीस सोमवारी सकाळी लागली आणि दुपारच्या जेवणापर्यंत निम्म्या कामगारांची भूक मेली. पाहुण्यांच्या समोर ज्याला ज्याला यावं लागतं, त्याची वीस तारखेला इंग्रजीत तोंडी परीक्षा होणार होती. प्रश्न तीनच. तुमचं काम काय, काल काय केलंत आणि उद्या काय करणार. पास होतील ते राहतील, नापास होतील त्यांनी महिनाअखेर घरी बसायचं. नोटीसही इंग्रजीतच असल्यामुळे माळ्याने ती जादा सुट्टीची समजून पहिले दोन तास मोठ्या आनंदात काढले.

मग आपल्यात इंग्रजी येणारं कोण आहे याची शोधाशोध झाली आणि नाव एकच निघालं, ऑपरेटरबाई. बाईंनी चौतीस वर्षं हॉटेलच्या टेलिफोन बोर्डावर काढली होती. तीन वर्षांपूर्वी बोर्ड काढून तिथे 'यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा' असं सांगणारं यंत्र बसवलं, तेव्हा त्या निवृत्त झाल्या. त्याच संध्याकाळी शिष्टमंडळ त्यांच्या दारात हजर झालं: माळी, दारवान, लाँड्रीतली मावशी आणि सगळ्यांच्या मागे लिफ्टमन. आता लिफ्टमन हा बाईंचा नवरा, राहायला त्याच दोन खोल्यांत. पण शिष्टमंडळाबरोबर आलो आहोत तर रीतसर यावं, म्हणून त्याने घराची किल्ली खिशातच ठेवली आणि दार उघडेपर्यंत बाकीच्यांबरोबर जिन्यात उभा राहिला.

"बाई, आम्हाला तारा," मावशी म्हणाली. "कपड्यावरचा कुठलाही डाग दाखवा, काढते. इंग्रजी मात्र तोंडातून निघत नाही."

"दिवस किती आहेत?"

"अठरा," दारवान म्हणाला. "रविवार धरून."

बाईंनी एकेकाकडे पाहिलं आणि शेवटी नवऱ्याकडे. तो पायपुसण्याकडे बघत होता. बाई हो म्हणाल्या.

त्या हो का म्हणाल्या, ते आताच सांगून टाकलेलं बरं. लिफ्टमनच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती आणि तो घरी बसायला बाईंना नको होता. पैशाचं काही नव्हतं, प्रश्न घराचा होता. सोळा वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी एकोणीस वर्षांची होऊन तापाने गेली आणि तेव्हापासून त्या घरात बोलणं असं उरलं नव्हतं. भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. 'किल्ली घेतलीत का', 'चहा ठेवू का', 'खिडकी लाव' अशी मोजून अकरा वाक्यं होती आणि दोघांचा संसार त्या अकरांवर बिनतक्रार चालला होता. मुलीचं नाव त्यांत कुठेच नव्हतं. तो सकाळी सहाला जायचा आणि संध्याकाळी सातला यायचा, म्हणून अकरा पुरत होती. हा माणूस दिवसभर समोरच्या खुर्चीत बसला तर बारावं वाक्य आणायचं कुठून, हे बाईंना कळत नव्हतं.

वर्ग दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला. संध्याकाळी साडेसात ते नऊ, बाईंच्या बाहेरच्या खोलीत. बाई खडू घेऊन उभ्या राहिल्या, घसा साफ केला, तोंड उघडलं आणि त्यांची दातखीळ बसली. एक शब्द येईना. पुन्हा प्रयत्न केला, तरी नाही. चौतीस वर्षं त्या इंग्रजी बोलल्या होत्या खऱ्या, पण समोर भोकांचा बोर्ड ठेवून. इंग्रजी बोलताना माणसाचा चेहरा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. माळ्याच्या झुपकेदार मिशा समोर दिसल्या की वाक्य घशातच अडकत होतं.

"बरं नाही का वाटत?" मावशीने विचारलं.

बाई काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या आणि कपाटातून रिसीव्हर घेऊन आल्या. बोर्ड भंगारात काढताना हॉटेलने तो लाकडी फळीवर बसवून, खाली पितळी पट्टी ठोकून त्यांना भेट दिला होता. फळी चांगल्या लाकडाची निघाल्यामुळे बाईंनी रिसीव्हर सोडवून ठेवला होता आणि फळीवर त्या भाजी चिरत होत्या. त्यांनी तो काळा, जड रिसीव्हर कानाला लावला, वर्गाकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं आणि नळाला पाणी यावं तसं इंग्रजी आलं. आवाजसुद्धा वेगळा होता, गोड आणि तिशीतला. मावशी नकळत उठून उभी राहिली.

"इंग्रजी सोपं आहे," बाई भिंतीला म्हणाल्या. "फोन आला की आपण काय विचारतो? आधी कोण बोलतंय. मग काय करायचंय. मग कुणाला किंवा कशाला. वाक्य याच क्रमाने लावायचं. आय, वॉटर, द रोझेस. कोण, काय, कशाला."

"आपण तर म्हणतो, मी गुलाबांना पाणी घालते," मावशी म्हणाली. "घालणं शेवटी येतं."

"ते आपल्या घरात चालतं. बोर्डावर चालत नाही."

"आणि काळाचं काय करायचं?" दारवानाने विचारलं. त्याला काळाची फार धास्ती होती.

"माणूस लाइनवर आहे, तो वर्तमानकाळ. फोन ठेवला, भूतकाळ. नंतर करतो म्हणाला, तर भविष्यकाळ."

"नंतर करतो म्हणणारे कधी करत नाहीत."

"व्याकरणाला त्याचं काही नसतं," बाई म्हणाल्या आणि रिसीव्हर दारवानाच्या हातात दिला.

अशी ती शाळा लागली. ज्याची पाळी त्याने रिसीव्हर घ्यायचा, तोंड भिंतीकडे करायचं आणि बोलायचं. रिसीव्हरची वायर गुडघ्यापर्यंत लोंबत असायची आणि पुढे कुठेच जात नसायची. पण जादू झाली. बावीस वर्षांत ज्याच्या तोंडून 'बरं' याच्या पलीकडे कुणी काही ऐकलं नव्हतं, त्या माळ्याने चौथ्या दिवशी भिंतीला सांगितलं की मी काल बत्तीस गुलाब कापले, उद्याही कापीन, आणि मला ते कापायला अजिबात आवडत नाही. मावशीने चादरींबद्दल नऊ वाक्यं सलग म्हटली. तोंड दिसत नसलं की माणूस कसा मोकळा होतो, हे पाहून बाईंना स्वतःच्या शिकवण्याचा अभिमान वाटू लागला.

खोडी लागायच्या त्याही लागल्या. क्रियापद आठवलं नाही की सगळेजण वेळ काढायला "प्लीज होल्ड द लाइन" म्हणू लागले. दारवान तर प्रत्येक वाक्यात दोनदा म्हणायचा. आणि एकदा उत्तर संपल्यावर मावशीने बाईंच्याच गोड सुरात "थँक यू फॉर कॉलिंग" असा शेवट केला. सगळे हसले. बाईंचा चेहरा मात्र एकदम उतरला.

"ते वाक्य माझ्या घरात म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या.

इतक्या तुटकपणे बाई कधी बोलल्या नव्हत्या. मावशीला वाटलं आपलं क्रियापद चुकलं, म्हणून तिने वहीतून ते वाक्य दोन रेघा मारून काढून टाकलं.

मागे राहिला तो फक्त लिफ्टमन. तो रोज वेळेवर येऊन दाराजवळच्या स्टुलावर बसायचा, बाकीच्यांसारखा बायकोला 'बाई' म्हणायचा, वहीत सुबक अक्षरात सगळं उतरवून घ्यायचा. पण रिसीव्हर जवळ आला की त्याची काहीतरी अडचण निघायची. कधी कान दुखत होता. कधी हात ओला होता. एकदा म्हणाला, "माझी पाळी माळ्याला द्या, त्याची तयारी कच्ची आहे." वर्ग सुटून माणसं गेली की घरात परत ती अकरा वाक्यं सुरू व्हायची आणि बाईंना या गोष्टीबद्दल विचारता यायचं नाही, कारण त्या अकरांत तसं वाक्य नव्हतं.

परीक्षेला चार दिवस राहिले तेव्हा बाईंनी सराव परीक्षा घ्यायची ठरवली. दारवानाला टेबलामागे बसवून परीक्षक केलं आणि माळ्याला समोर उभं केलं. दारवानाने ऐटीत प्रश्न विचारला. माळ्याने तोंड उघडलं, हात सवयीने कानाकडे नेला, हातात काही नाही असं बघितलं आणि तोंड मिटलं. कपाळावर घाम आला. मावशीला उभं केलं, तिचीही तीच गत. मग बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. चौदा दिवसांत त्यांनी चांगलं इंग्रजी शिकवलं होतं, पण ते सगळं त्या रिसीव्हरमध्ये होतं.

उतारा म्हणून बाईंनी सवय हळूहळू सोडवायचं ठरवलं. पहिल्या दिवशी रिसीव्हरऐवजी आमटीचा डाव दिला. डावावर माळ्याचं बरं चाललं होतं, पण कांद्याचा वास आला आणि तो भूतकाळ विसरला. दुसऱ्या दिवशी मावशीने स्वतःची जुनी इस्त्री आणली. थंडगार इस्त्री कानाला लावून ती छान बोलली, पण प्रश्न कुठलाही असो, उत्तर कॉलरींबद्दलच देऊ लागली. तिसऱ्या दिवशी नुसती मूठ कानाशी धरायची ठरली. मूठ भिंतीपुढे चालत होती. तोंड माणसाकडे वळवलं की मूठ सुटत होती आणि वाक्यही.

"बाई, तुम्ही तरी एकदा आमच्याकडे बघून बोलून दाखवा," दारवान म्हणाला. "म्हणजे आम्हाला धीर येईल."

बाई वळल्या. तिघांचे आशेने वर झालेले चेहरे बघितले, दाराजवळचा चौथा बघितला. पाच मिनिटं वाट पाहून सगळे आपापल्या घरी गेले.

त्या रात्री जेवताना बाईंनी मनाचा हिय्या केला.

"अहो, एक वाक्य तरी म्हणून दाखवा. उद्या परीक्षा आहे."

"बघू."

"नापास झालात तर?"

"तर घरी बसेन."

"घरी बसून काय कराल?"

लिफ्टमन ताटाकडे बघत राहिला. अकरांच्या बाहेर त्या कितीतरी पुढे निघून आल्या होत्या आणि परत कसं जायचं ते दोघांनाही कळत नव्हतं. शेवटी त्याने "खिडकी लाव" म्हटलं आणि दोघं सुटली.

परीक्षा तळमजल्यावरच्या छोट्या खोलीत होती. एक खिडकी बागेकडे, एक दार कॉरिडॉरमध्ये. ते दार पावसापाण्याने फुगलेलं होतं आणि पूर्ण लागत नसे, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. बाई दाराबाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. परीक्षा घ्यायला नवीन मालकांच्या कचेरीतून एक तरुण मुलगी आली होती. हातात फाइल आणि प्रत्येकासाठी तीन चौकोनांचा एक कागद. चेहऱ्यावरून चांगल्या घरची, कुणाचं वाईट करायला न आलेली.

पहिली मावशी आत गेली. नमस्कार केला, मळक्या टॉवेलांच्या पिशवीत हात घातला, रिसीव्हर काढून कानाला लावला आणि परीक्षक मुलीकडे पाठ करून भिंतीसमोर उभी राहिली.

परीक्षक मुलगी चमकली. "मावशी, हा निषेध वगैरे आहे का?"

"प्लीज होल्ड द लाइन," मावशी भिंतीला म्हणाली, आणि मग तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिने न अडखळता दिली. कोण, काय, कशाला. परीक्षक मुलीने तिन्ही चौकोनांत खुणा केल्या, कारण न करण्याचं कारण कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं.

तोवर रिसीव्हर खिडकीतून बाहेर गेला होता. खाली गुलाबांत माळी उभा होता. तो दारातून आत आला आणि त्यानेही कोटातून तोच रिसीव्हर काढला. परीक्षक मुलीने आता मॅनेजरला बोलावून घेतलं. मॅनेजरने दारातून डोकावून माळ्याची पाठ बघितली, दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाला, "बोलतोय ना? मग झालं." बावीस वर्षांत तोही माळ्याला एवढं बोलताना पहिल्यांदाच ऐकत होता. दारवानाची पाळी येईपर्यंत परीक्षक मुलीलाच चमत्कारिक वाटायला लागलं. कुणी पाठमोरं उभं असताना त्याच्याकडे टक लावून बघायचं म्हणजे काय? तिने आपली खुर्ची दुसऱ्या भिंतीकडे वळवली आणि पहिला प्रश्न विचारायच्या आधी तिच्या तोंडून आपसूक "हॅलो" निघालं.

बाहेर आल्यावर दारवानाने रिसीव्हर लिफ्टमनपुढे धरला. लिफ्टमनने तो हळूच बाजूला सारला, गणवेशाचं वरचं बटण लावलं आणि रिकाम्या हाताने आत गेला. बाई बाकावर दाराच्या बाजूला सरकल्या.

"तुमच्याकडे फोन नाही?" आतून परीक्षक मुलीचा आवाज आला. खुर्ची परत टेबलाकडे वळवल्याचाही आवाज आला.

"नो, मॅडम."

"थँक गॉड. व्हॉट डू यू डू?"

"आय ॲम लिफ्टमन. ट्वेंटी नाइन इयर्स. अप अँड डाउन."

बाईंनी श्वास सोडला. नवरा इंग्रजी बोलत होता. माणसाकडे बघून बोलत होता.

"अँड यस्टर्डे?"

"यस्टर्डे आय वेंट अप. आय केम डाउन. सेम."

खूण केल्याचा आवाज झाला असेल नसेल, पण परीक्षक मुलीला सकाळपासून पडलेलं कोडं तिने आता विचारून टाकलं. बाकी सगळे फोन घेऊन आले, तुम्ही का नाही आणला? कागदावर हा प्रश्न नव्हता.

"आय डोंट लाइक टेलिफोन, मॅडम," लिफ्टमन म्हणाला. मग तो सावकाश, वहीतलं सुबक अक्षर वाचावं तसा बोलू लागला. "सिक्स्टीन इयर्स बिफोर. माय डॉटर वॉज इन हॉस्पिटल. डॉक्टर सेड, फ्रायडे शी विल गो होम. सो आय केम टू वर्क. माय वाइफ केम टू वर्क. इन द लिफ्ट, वन स्मॉल टेलिफोन. माय वाइफ सेड, कम डाउन. ओन्ली दॅट, मॅडम. कम डाउन. बट आय न्यू. माय वाइफ्स व्हॉइस, आय न्यू. वन गेस्ट वॉज इन द लिफ्ट. सेवन्थ फ्लोअर. आय टुक द गेस्ट अप. देन आय केम डाउन."

आत पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"ओल्ड लिफ्ट, मॅडम," लिफ्टमन म्हणाला. "व्हेरी स्लो."

बाकावर बाईंनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. दवाखान्याचा फोन बोर्डावर त्यांनी स्वतः घेतला होता. लिफ्टमधला फोन त्यांनीच लावला होता आणि मुद्दाम 'खाली या' एवढंच म्हटलं होतं. पाहुण्याला सोडून येतो म्हणाला, तर सोडून या म्हणाल्या. तेवढे सात मजले वर आणि सात मजले खाली त्याची मुलगी त्याला असू दे, असं त्यांना वाटलं होतं. त्या दिवशी आपल्या हातून एवढी एकच गोष्ट चांगली झाली, अशी सोळा वर्षं त्यांनी मनाची समजूत घातली होती. आणि त्याला पहिल्या शब्दापासून माहीत होतं. तो ते घेऊन वर गेला होता आणि ते घेऊन खाली आला होता, एकटा.

आत परीक्षक मुलीने नाक पुसलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "अँड... व्हॉट विल यू डू टुमॉरो?"

"काहीही चालेल, काका. आय विल ईट, आय विल स्लीप. काहीही म्हणा. मला फक्त एक वाक्य लागतं."

"आय डोंट नो, मॅडम," लिफ्टमन म्हणाला. "सॉरी."

तिने अजून दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा तो नम्रपणे तेच म्हणाला. बाहेर येऊन त्याने बाकावर बायको बघितली, अर्धवट उघडं दार बघितलं.

"ऐकलंस?"

"दार लागत नाही ना ते."

दोघं मागच्या दाराने बाहेर पडून घराकडे चालू लागली. सायकलींचं दुकान गेलं, चष्म्यांचं गेलं. तिसरं दुकान बंद होतं, त्याच्या पायरीपाशी बाई थांबल्या.

"तुम्हाला एक सांगायचंय. दवाखान्यातून ती नर्स बोलली. सगळं सांगितलं तिने. आणि मी तिला काय म्हटलं ठाऊक आहे? थँक यू फॉर कॉलिंग म्हटलं. त्याच सुरात. आणि ठेवला फोन." बाईंचा आवाज चिरकला. "पोटची पोर गेली आणि मी थँक यू म्हटलं हो."

लिफ्टमन त्या पायरीवर बसला.

"तो पाहुणा सातव्या मजल्यावर उतरला ना," तो म्हणाला, "त्याला मी दार धरून म्हटलं, हॅव अ नाइस डे. तेवढं एकच इंग्रजी मला तेव्हा यायचं."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला आणि मग तो हसण्याचा राहिला नाही. बाई त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. भर दुपारी, रहदारीच्या रस्त्यावर, म्हातारपणाला टेकलेली ती दोन माणसं मोठ्याने रडत होती. येणारेजाणारे त्यांना वळसा घालून जात होते. एकाने विचारलं, काही हरवलं का. बाई हो म्हणाल्या.

निकाल दोन दिवसांनी हजेरीच्या यंत्राशेजारी लागला. मावशी पास, माळी पास, दारवान पास. भिंतीकडे तोंड करून बोललेले सगळे राहिले आणि परीक्षक मुलीच्या डोळ्यांत बघून बोललेला एकटा नापास झाला. त्याचा तिसरा चौकोन कोरा होता. समासात तिने पेन्सिलीने काहीतरी लिहून परत पुसलं होतं. बाईंना वाईट वाटलं, फार वाटलं. सगळ्यांना पार नेलं आणि आपलं माणूस तेवढं अलीकडे राहिलं.

पास झालेल्यांमुळे हॉटेलची एक निराळीच पंचाईत झाली. एखाद्या पाहुण्याने बागेत उभं राहून गुलाबाचं नाव विचारलं, तर माळी हाताने खोलीकडे खूण करायचा. पाहुण्याने खोलीत जाऊन बागेच्या शेडमध्ये फोन लावला की तो उत्तम माहिती द्यायचा, लागवडीपासून. पाहुण्यांना ही या हॉटेलची खास पद्धत वाटली आणि मॅनेजरने त्यांना तसंच वाटू दिलं.

एक तारखेला लिफ्टमन घरी बसला. बाई सकाळपासून धास्तावल्या होत्या. नऊ वाजेपर्यंत त्याने वर्तमानपत्र वाचलं, दहाला डबे पुसले, साडेदहाला डब्यांची जागा बदलली. अकराला बाई दूध गरम करत होत्या, तर मागे येऊन उभा राहिला.

"ठकीला असं सायीचं दूध चालायचं नाही," तो म्हणाला.

बाईंच्या हातातली सांडशी थांबली. सोळा वर्षांत त्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं.

"सायीचं काही नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "साखर चालायची नाही तिला."

"साखर चालायची. दोन चमचे घालायची."

"काहीतरीच काय. ती बिनसाखरेचं प्यायची. मी करून द्यायची, मला माहीत."

"तू सकाळचं करून द्यायचीस. संध्याकाळचं मी द्यायचो. लपून घालायची."

"लपून कशाला घालेल? मी काय मारत होते तिला?"

"तू दातांवरून बोलायचीस."

"मी दातांवरून बोलायची? आणि तुम्ही तिच्या गणितावरून बोलायचा, ते?"

आवाज चढत गेले. गणितावरून गाडी तिच्या निळ्या फ्रॉककडे गेली, जो लिफ्टमनच्या मते हिरवा होता. तिथून तिच्या सायकलीकडे, आणि ती सायकलवरून पडली तेव्हा मागे कोणी धरलं नव्हतं याकडे. बारा वाजले, एक वाजला, दूध आटलं. बाई ओट्यापाशी हात नाचवून बोलत होत्या आणि लिफ्टमन दारात उभा राहून एकही मुद्दा सोडत नव्हता. शेवटी शेजारीण काळजीने दार वाजवून आत आली. आठ वर्षं भिंतीला भिंत लावून राहत होती, पण या घरातून कधी भांडं पडल्याचाही आवाज तिने ऐकला नव्हता.

"काय झालं हो? सगळं ठीक आहे ना?"

"तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या. "हे म्हणतात आमची मुलगी दुधात साखर घालायची."

"तुम्हाला मुलगी आहे?" शेजारणीने विचारलं.

बाईंनी तिला खुर्ची ओढून दिली. मग दोघांनी एकदमच सांगायला सुरुवात केली, एकमेकांचं वाक्य तोडत, एकमेकांच्या चुका काढत, ती कशी चालायची, कशी हसायची, केस कापून आली तेव्हा कोण रागावलं होतं, सगळं. मधे बाईंना रडू आलं तेव्हा लिफ्टमनने एकट्याने पुढे नेलं, आणि त्याला आलं तेव्हा बाईंनी. शेजारीण ऐकत राहिली.

"मग शेवटी," तिने बऱ्याच वेळाने विचारलं, "साखर घालायची का नाही?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सांगता येईना. इतकी वर्षं झाली होती, आणि खरं काय ते ज्याला विचारावं ते माणूस नव्हतं. घरात परत ती जुनी शांतता आली आणि बाईंना तिची भीती वाटली.

"तुमचंच खरं असेल," त्या म्हणाल्या. "घालत असेल. दोन चमचे."

"नको. तुझंच धरू या," लिफ्टमन म्हणाला. "आई तू होतीस. बिनसाखरेचंच."

"असं कसं? संध्याकाळचं तुम्ही द्यायचात ना?"

"दिलं असेल, पण माझं लक्ष कुठे असायचं?"

"लक्ष नव्हतं म्हणू नका हो. तिच्याकडे तुमचं फार लक्ष होतं. साखर घालायची ती."

"अगं, नव्हती घालत."

"घालायची म्हणते ना मी."

शेजारीण उठली आणि त्यांना न सांगताच दार ओढून घेऊन आपल्या घरी गेली. संध्याकाळी तिचा नवरा कामावरून आला, तेव्हाही भिंतीपलीकडे तेच चाललं होतं.